भिंतीवरच्या पदवीचे साल



डॉक्टरांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेले पदवीचे प्रमाणपत्र आपण पाहिलेले असते. त्यावर विद्यापीठाचे नाव असते, शिक्का असतो आणि सालही असते. नाव आपण वाचतो. सालाकडे मात्र कोणी पाहत नाही. आज आम्हाला बोलावयाचे आहे ते त्या सालाविषयी.

आम्ही शिकत होतो तेव्हा पोटातला अल्सर काळजीने, तिखटाने आणि आम्लाच्या अतिरेकाने होतो, असे शिकविले जाई. तेव्हा दूध प्या, मिरची सोडा, मनाला लावून घेऊ नका, हा आमचा ठरीव उपदेश. (संसारी माणसाला काळजी सोडा म्हणून सांगणे किती सोपे!) पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल ह्यांनी जठरात राहणारा एक नागमोडी जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. जठरातल्या आम्लात जंतू जगतो, हे कोणी मानीना. मग १९८४ साली मार्शल ह्यांनी त्या जंतूंनी भरलेला द्रव स्वतःच प्राशन केला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. वेदनाशामक गोळ्यांनी होणारे अल्सर वगळले, तर बहुतेकांचे मूळ हा जंतूच निघाला. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेत अशा रोग्यांना प्रतिजैविके द्यावीत असा निर्वाळा मिळाला. वर्षानुवर्षांचे पथ्य जाऊन दोनएक आठवड्यांचे औषध आले. वॉरन आणि मार्शल ह्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आमची गोष्ट. छापखान्यात खिळे जुळविणारे एक गृहस्थ ह्याच दुखण्यासाठी आमच्याकडे येत. त्यांना आम्ही दूध आणि गोळ्या देत राहिलो. १९९५ साली त्यांना रक्ताची उलटी झाली आणि जठराचा काही भाग कापून काढावा लागला. नवा उपचार आम्हाला कळला १९९६ साली, एका व्याख्यानात. ती माहिती छापलेले मासिक आमच्या टेबलावर वेष्टन न फोडता पडून होते.

सांगावे की न सांगावे, ह्यात आमचे वर्ष गेले. शेवटी सांगितले.

ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तेव्हा हे ठाऊक नव्हतं का?"

"आम्हाला नव्हतं."

"म्हणजे कोणाला तरी होतं."

ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचा हेतू वाईट नव्हता, हात हलगर्जी नव्हता. पण न वाचण्याची किंमत त्यांनी मोजली.

२००२ सालच्या आचारनियमांनी डॉक्टराला पाच वर्षांत तीस तास नवे शिक्षण घेण्यास सांगितले. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणावेळी त्याचा हिशेबही द्यावा लागतो. तीस तास म्हणजे वर्षाला सहा! ह्या मंडपात रोज येणारा श्रोता एका आठवड्यात त्याहून अधिक ऐकून जातो. शिवाय हजेरीपटावर सही करून चहापाशी जाणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत कधीकाळी आम्हीही होतो.

ह्याहून नाजूक प्रश्न असा, की शिकवितो कोण आणि जेवण कोणाचे? औषधकंपनीच्या खर्चाने हॉटेलात नवे औषध ऐकले, की जुने स्वस्त औषध लिहिताना लेखणी अडखळते. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च घेऊ नये, असा नियम डिसेंबर २००९ मध्ये आला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, अशा भेटींवर केलेला खर्च कंपन्यांना प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही, असे ठरविले. तरी ताटातले मीठ विसरणे माणसाला जड जाते.

आपण विचाराल, रोग्याने काय करावे? विचारावे. "ह्यात अलीकडे काही बदललं आहे का?" एवढेच. आमच्यापैकी काहींना ते उद्धटपणाचे वाटेल, वाटू द्यावे.

ते गृहस्थ अजून आमच्याकडे येतात. परवा गुडघेदुखीची गोळी लिहून दिली, तर चिठ्ठी हातात धरूनच म्हणाले, "ही माझ्या पोटाला चालेल ना? नीट पाहिलंत?" आम्ही चिठ्ठी परत घेतली, त्यांच्यासमोरच पुस्तक काढून पाहिले आणि गोळी बदलली.