शेजारधर्म
(किनवट तालुक्यातील नवसाक्षर स्त्री-पुरुषांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या साली याच दिवसांत तुमच्यापैकी पुष्कळांचा अंगठा शाईने निळा होत होता. आज तुम्ही वहीत सही करून आत आलात. आम्हाला फार बरे वाटले. पण मंडळी, वाचायला आले म्हणजे सगळे झाले असे नाही. शिकलेले कुणाच्या कामी आणायचे, हा पुढचा धडा आहे. म्हणून आज एक गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे आणि एका नवराबायकोची आहे. ती दूर विलायतेत सुरू होते, फिरत फिरत मुंबईला येते आणि तिथून आपल्या मराठवाड्यात येते.

आधी इथलंच बघू. आपल्या किनवट स्टेशनात नंदिग्राम गाडी थांबते. हातात पिशवी, पिशवीत भाकरी-चटणी, असे कितीतरी जण तिच्यात चढतात. दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरतात. कुणी हैदराबादला जातो, कुणी पुण्याला. पण तिथं राहतात कुठं? उंच उंच इमारतींत नाही. मागच्या गल्लीत, एका खोलीत सहा-सात जण. गावात कुणाला ताप भरला तर शेजारीण पेज घेऊन येते. शहरात तसं नाही. आमचा एक जुना विद्यार्थी अशाच खोलीत आठ दिवस तापानं फणफणत पडला होता. भिंतीपलीकडे माणसं होती. पण याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांचं याला.

अशा वस्त्या प्रत्येक मोठ्या शहरात असतात. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही होत्या. लंडन तेव्हा जगातलं सगळ्यांत मोठं शहर. साऱ्या जगाचा माल तिथल्या गोदीत उतरे. तो पाठीवरून वाहणारे हमाल मात्र उपाशी. सकाळी गोदीच्या फाटकाशी उभं राहायचं. बोलावलं तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर उपास. शहराच्या पूर्व भागात व्हाइटचॅपेल नावाची वस्ती होती, तिथं हे लोक राहत. एका खोलीत एक कुटुंब. गल्लीत घाण, दारू, मारामाऱ्या.

सन १८७३ मध्ये या वस्तीतल्या चर्चमध्ये सॅम्युएल बार्नेट नावाचे धर्मगुरू आले. त्यांच्या पंथात धर्मगुरूला लग्न करता येतं. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. पत्नीचं नाव हेन्रिएटा. वय २१, माहेर सुखवस्तू. त्यांच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, की आपल्या ताब्यातला सगळ्यांत वाईट भाग हाच. तरी नवराबायको तिथं गेले. नुसतं जाऊन आले नाहीत, तिथंच बिऱ्हाड केलं.

का गेले? ते ख्रिस्ती होते. येशू ख्रिस्ताने सांगितलेली एक गोष्ट त्यांच्या मनात होती. एका वाटसरूला चोरांनी लुटलं आणि मारून रस्त्याच्या कडेला टाकलं. त्याच्याच धर्माचे दोन मोठे लोक वाटेनं आले आणि बाजूनं निघून गेले. मग एक परका आला. त्याच्या जातीला सगळे हलकं मानत. तो थांबला. त्यानं जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, धर्मशाळेत नेलं आणि खर्चही दिला. आता या तिघांत शेजारी कोणता? ज्याचं घर जवळ तो शेजारी, की जो थांबला तो? आपल्याकडं यालाच शेजारधर्म म्हणतात. इथं बसलेल्यांचे धर्म वेगवेगळे असतील. पण हा धर्म सगळ्यांचा आहे.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये सहा-सात म्हाताऱ्या आल्या. त्याही देवासाठी नाही. प्रार्थनेला बसलं की काही पैसे मिळतात, अशी तिथली रीत पडली होती. बार्नेटांनी ती रीत बंद केली. ते म्हणत, असं फुकट वाटल्यानं माणूस लाचार होतो. लोक चिडले. त्यांच्या घरावर चालून आले, खिडक्यांच्या काचा फोडल्या. तरी हे दोघं वस्ती सोडून गेले नाहीत. हळूहळू काम सुरू झालं. हेन्रिएटाबाई घरोघर जात, बायकांशी बोलत. गल्लीत वाढलेल्या पोरांनी शेत कधी पाहिलं नव्हतं. सन १८७७ पासून बाईंनी अशी मुलं सुटीत खेड्यातल्या घरी राहायला पाठवली. १८८१ पासून शाळेच्या खोल्यांत चित्रांचं प्रदर्शन भरवलं. चांगली चित्रं श्रीमंतांनीच का पाहावी, असं त्यांचं म्हणणं.

पुढं एक मोठी गोष्ट झाली. वस्तीत राहून बार्नेटांचं स्वतःचं मत बदललं. भीक घालून भागत नाही, हे त्यांना आधी कळलं होतं. नुसतं ‘कष्ट करा’ असं सांगूनही भागत नाही, हे तिथं राहून कळलं. जन्मभर ओझी वाहून कंबर मोडलेला म्हातारा आणखी काय कष्ट करणार? म्हणून सन १८८३ मध्ये त्यांनी लिहिलं, की म्हाताऱ्या माणसांना सरकारनंच पेन्शन द्यावी. तेव्हा लोकांना ते खुळ्यासारखं वाटलं असेल. पण १९०८ साली विलायतेत तसा कायदा झाला. आज आपल्याकडं श्रावणबाळ योजनेचे पैसे निराधार म्हाताऱ्यांना मिळतात. त्यामागं असाच विचार आहे.

सन १८८४ मध्ये या दोघांनी वस्तीत एक घर उघडलं. नाव टॉयन्बी हॉल. तिथं कोण राहायचं? कॉलेजात शिकून बाहेर पडलेले तरुण. दिवसा आपली नोकरी करायची, संध्याकाळी वस्तीत उतरायचं. कुणी रात्रीचा वर्ग घेई, कुणी कोर्टकचेरीचा कागद समजावून देई. पगार नाही. कुणी वर्षभर राही, कुणी अधिक. पण वर्षभर राहून गेलेला माणूससुद्धा पुन्हा पहिल्यासारखा होत नसे. क्लेमंट ॲटली हे नाव तुमच्यातल्या काही जुन्या माणसांनी ऐकलं असेल. हे गृहस्थ लंडनच्या याच गरीब भागात कित्येक वर्षं राहिले. १९१० साली ते टॉयन्बी हॉलचे चिटणीस होते. पुढं ते इंग्लंडचे पंतप्रधान झाले. १९४७ साली आपला देश स्वतंत्र झाला, तेव्हा तिकडं पंतप्रधान हेच होते.

एका दिव्यावर दुसरा दिवा लागतो. अमेरिकेतल्या जेन ॲडम्स नावाच्या बाई टॉयन्बी हॉल पाहून गेल्या. त्यांनी १८८९ साली मैत्रिणीबरोबर शिकागो शहरात तसंच घर उघडलं. त्याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे ख्रिस्ती धर्मसेवक १९२५ साली मुंबईला आले. अमेरिकन मराठी मिशननं त्यांना बोलावलं होतं.

मुंबईत भायखळ्याजवळ नागपाडा आहे. तेव्हाही तिथं दाटीवाटीच्या चाळी होत्या. मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती असे सगळे. पोट भरायला गावाकडून आलेले मजूरही. सन १९२७ मध्ये तिथं ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उघडलं. आपल्या भाषेत म्हणायचं तर शेजारघर. तिथं दवाखाना होता, वाचनालय होतं, पोरांना खेळायची सोय होती, संध्याकाळचे वर्ग होते. मिशनचं घर म्हटल्यावर लोकांना वाटे, आता हे आपला धर्म बदलायला सांगणार. पण मॅन्शार्टांनी तसं केलं नाही. सेवा ही सेवाच, तिच्या मोबदल्यात काही मागायचं नाही, अशी त्यांची शिस्त होती.

पण त्यांच्या लक्षात आलं, की नुसत्या चांगल्या मनानं हे काम होत नाही. वैद्यकी शिकावी लागते, सुतारकी शिकावी लागते, तशी सेवाही शिकावी लागते. टाटांच्या विश्वस्त निधीनं पैसा दिला आणि १९३६ साली त्याच नागपाड्याच्या घरात समाजसेवा शिकवणारी शाळा सुरू झाली. आपल्या देशातली त्या तऱ्हेची ती पहिली. लंडनच्या हेन्रिएटाबाई त्याच साली वारल्या. त्यांना या शाळेची खबर होती की नव्हती, देव जाणे. पण बी त्यांच्या घरचं होतं.

ती शाळा वाढली. आज ती मुंबईत देवनारला आहे. टाटा समाजविज्ञान संस्था असं तिचं नाव. तिची एक शाखा आपल्या आई भवानीच्या तुळजापुरात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. तेव्हा या संस्थेची माणसं पडलेल्या गावांत फिरली. कुणाचं काय गेलं, कुणाला काय हवं, याची त्यांनी पाहणी केली. लंडनच्या गल्लीत लागलेला दिवा असा फिरत फिरत आपल्या पांढरीत आला.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. आम्ही ३० वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केली. ज्या शाळेत शेवटी हेडमास्तर होतो, तिच्यापासून दोन शेतं ओलांडली की वीटभट्टी होती. दरसाल दिवाळीनंतर परगावची कुटुंबं तिथं येत आणि पावसाच्या आधी जात. त्यांची पोरं डोक्यावर विटा वाहताना आम्ही रोज पाहत होतो. पण आम्ही हजेरीपटावरची नावं मोजली. हजेरीपटाबाहेरची पोरं कधी मोजली नाहीत. ती आपल्या गावची नाहीत, एवढं म्हणून गप्प बसलो. म्हणजे त्या गोष्टीतल्या पहिल्या दोघांसारखे बाजूनं निघून गेलो.

पेन्शन झाल्यावर आमच्या घरच्या मंडळी म्हणाल्या, “अहो, शाळेत होतात तेव्हा वेळ नाही म्हणत होतात. आता काय म्हणणार?” आमच्याकडं उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघांनी ठरवलं, एक हंगाम तरी भट्टीवर जायचं. ११ पाट्या आणि खडू घेऊन गेलो. चार दिवस कुणीच आलं नाही. पाचव्या दिवशी एक बाई आली. म्हणाली, “गुरुजी, पाटी राहू द्या. आधी ही चिठ्ठी वाचा.”

ती मुकादमाची चिठ्ठी होती. त्यांनी हंगामाच्या आधी उचल घेतली होती. हजार विटांमागं जी मजुरी होते, ती उचलीतून वजा होत होती. बाईला अक्षर येत नव्हतं. पण ती रोज कोळशानं झोपडीच्या कुडावर रेघा ओढत होती, हजाराला एक रेघ. चिठ्ठी वाचली, रेघा मोजल्या. चिठ्ठीत दोन हजार विटा कमी. मग ती, तिचा नवरा आणि आम्ही दोघं असे चौघं मुकादमाकडं गेलो. फार वाद झाला. त्यानं एक हजार कबूल केल्या, एक हजार नाही केल्या.

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आम्ही अ, आ, इ घेऊन गेलो होतो. तिला १, २, ३ हवे होते. आम्ही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आकडे शिकवायला लागलो. मग बाया आल्या, गडी आले, त्यांच्यामागं पोरं आली. जवळच्या शाळेत आम्ही पोरांबद्दल बोललो. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आहे. ६ ते १४ वर्षांचं मूल वर्षाच्या मध्येच आलं, दाखला नसला, तरी शाळेनं त्याला घ्यायचं असतं. तीन पोरं शाळेत बसली. भट्टी विझली तेव्हा ती आपल्या आईबापांबरोबर निघून गेली. पुढं शाळेत गेली की नाही, ते आम्हाला समजलं नाही. आमचं एक वर्ष एवढंच. पण त्या बाईनं जाताना शेवटच्या चिठ्ठीवरचा आकडा स्वतः वाचला आणि मग सही केली.

मंडळी, तुम्हाला विलायतेला जायचं नाही, नागपाड्यालाही जायचं नाही. आमचं मागणं लहान आहे. प्रत्येकानं एक वर्ष द्यावं. सगळं वर्ष नव्हे, रोजचा अर्धा तास. आपल्या तांड्यावर, गुड्यावर, वाडीत एक घर असं शोधा, ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही. ते घर परक्याचं असलं तर अधिक चांगलं. जमलं तर नवराबायको मिळून जा. बाई बरोबर असली की घरातल्या बाया बोलतात. आणि जाल तेव्हा आधी विचारा, काय हवंय. मग शिकवा.

ज्यांची पोरं शहरात आहेत, त्यांनी या आठवड्यात एक पत्र लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं. पत्रात एवढंच विचारा, “बाळ, तुझ्या शेजाऱ्याचं नाव काय?” त्याला ठाऊक नसेल, तर भिंतीपलीकडच्या दारावर जाऊन विचारून ये म्हणावं.

पुढच्या मेळाव्यात कुणी काय केलं, ते तुम्ही उभं राहून सांगा. त्या दिवशी आम्ही खाली बसून ऐकू.