मुरगळलेला गुडघा

१९४७ सालीं लासलगांवीं बाजार समिती स्थापन झाली, आणि निफाड तालुक्यांतील हें गांव आज कांद्याची पेठ म्हणून देशभर ठाऊक आहे. तेथें शेतांत कांदा कापणाऱ्या व खळ्यांत तो निवडणाऱ्या स्त्रिया तासन् तास उकिडव्या बसतात. हमाल भरलेली गोणी पाठीवर घेऊन मालमोटारीकडे वळतात. यांची सारी मिळकत गुडघ्यांवर उभी असते, असें म्हटलें तरी चालेल.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी. मांडीचें हाड नडगीच्या हाडावर वाकतें, तसें थोडेंसें फिरतेंहि. दोहोंमध्यें कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गादीसारख्या बसविलेल्या असतात आणि चार बळकट बंध हाडांना जागेवर धरून ठेवतात. पाऊल जमिनीवर रोवलेलें असतां ओझ्यासह अंग वळलें, कीं बंधांवर नको तितका ताण पडतो. उकिडवें बसलेलें माणूस एकदम वळून उठलें, तर चंद्रकोर हाडांत चिमटून फाटते. कबड्डीच्या पकडींतून निसटणाऱ्या मुलाचेंहि असेंच होतें.

असें झालें कीं आपल्याकडे प्रथम तेल गरम होतें! पाय ओढून ‘बसवून’ देणारा कोणी तरी गांवोगांव असतोच. परंतु ताज्या दुखापतीस चोळणें, शेकणें किंवा ओढणें यांनीं सूज वाढते. पहिले दोन दिवस विश्रांति, कपड्यांत गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटें, फार घट्ट नसलेली पट्टी, आणि पाय उशीवर उंच, एवढेंच करावें.

दुखतें किती, यापेक्षां सूज केव्हां चढली, हें पहावें. दोन-चार तासांतच गुडघा फुगला, तर आंत रक्त सांचल्याचा संभव फार. बंध तुटला असेल अथवा हाड मोडलें असेल. दुसऱ्या दिवशीं हळूहळू आलेली सूज पुष्कळदां चंद्रकोरीची असते. ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९५ च्या सुमारास क्ष-किरण चित्र केव्हां काढावें याचे नियम बसविले. चार पावलें टाकतां येत नसतील, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, किंवा जखमी माणसाचें वय ५५ वा अधिक असेल, तर चित्र काढावें, असें त्यांत आहे. पाऊल गार किंवा बधिर पडलें, सांधा वांकडा दिसला, अथवा गुडघा लाल व ऊन होऊन ताप आला, तर मात्र त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

खरा धोका पुढेंच आहे. बंध तुटला तरी कांहीं आठवड्यांत वेदना ओसरते, माणूस बरा झालों म्हणून पुन्हां गोणी उचलतो, आणि गुडघा अवचित दगा देतो. प्रत्येक अशा लचकीबरोबर चंद्रकोरीचा थोडा थोडा नाश होत जातो. क्ष-किरण चित्रांत हाड शाबूत दिसलें, तरी बंध व चंद्रकोरी त्यांत दिसत नाहींत. त्यांसाठीं डॉक्टरांच्या हाताची तपासणी व जरूर तर एमआरआय लागतो. प्रत्येक फाटीला शस्त्रक्रिया लागते असेंहि नाहीं. विशेषतः उतारवयांतील झिजेची फाट मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामानें पुष्कळदां सुसह्य होते.

डॉक्टरांकडे जातांना पाय कसा वळला, त्या क्षणीं ‘कट्’ असा आवाज झाला काय, सूज किती तासांनीं आली, आणि जिना उतरतांना गुडघा अडकतो कीं सुटल्यासारखा होतो, हें आठवून सांगावें. निम्में निदान बहुधा तेवढ्यावरच होतें.