नगरसेवकाकडे काय मागायचं?
(हुबळी-धारवाडमधल्या मराठी तरुणांच्या मेळाव्यातलं भाषण)



आज इथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडून शिकायला नाहीतर नोकरीला आलेले असणार. बाकीचे आपले इथलेच, तीन-चार पिढ्यांपासूनचे. दोघांनाही एक गोष्ट आधीच सांगतो. बेळगावात आपण जे आकड्यांच्या जोरावर बोलतो, ते इथं चालत नाही.

कसं ते बघा. १९५६ साली केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे निवेदन संसदेसमोर मांडलं, त्यात असं आहे की एखाद्या नगरपालिकेत किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत. बेळगावात मराठी परिपत्रकांची मागणी होते तिच्यामागं हा आधार आहे. हुबळी-धारवाडात आपण त्या आकड्याच्या कितीतरी खाली आहोत. मग आपण गप्प बसायचं का? नाही. पण मागणी वेगळी, रस्ता वेगळा.

आता या शहराचं गणित करू. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या ९ लाख ४३ हजार. वॉर्ड ८२. म्हणजे एका वॉर्डात सरासरी साडेअकरा हजार माणसं. त्यात मतदार धरा आठ हजार, मत टाकायला येणारे चार-साडेचार हजार. उमेदवार तीन-चार असले की दीड-दोन हजार मतांवर माणूस निवडून येतो. अशा वॉर्डात दोन गल्ल्यांतली तीनशे मतं एकत्र असली, तर कुठलाच उमेदवार ती सोडून पुढं जात नाही. २०२१ च्या निवडणुकीत भाजपला ३९, काँग्रेसला ३३, एमआयएमला ३, जनता दलाला १ आणि अपक्षांना ६ जागा मिळाल्या. बहुमताला ४२ लागतात. एकाही पक्षाला ते एकट्याच्या बळावर मिळालं नाही. लहान गठ्ठ्याची किंमत काय असते ते यातून कळतं.

आता मुद्द्यावर येतो. लहान समाजासाठी नगरसेवकानं आधी काय करावं? माझ्या मते चार कामं.

पहिलं काम पाणी, गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे. तुम्ही म्हणाल, यात मराठीचं काय? तेच तर सांगतोय. ज्या गल्लीत पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, तिथली माणसं सोय बघून घर बदलतात. घरं पांगली की गल्ली संपते, आणि गल्ली संपली की भाषा स्वैपाकघरापुरती उरते. या शहरात काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकीचे भाग त्या दिवसाची वाट बघत राहिले. आपला भाग त्या यादीत कुठं आहे, हे नगरसेवकाला विचारायचं. तेही तोंडी नको, लेखी.

दुसरं काम कागदांचं. जन्मदाखला, खाता उतारा, घरपट्टी, पेन्शन. कारभार कन्नडमध्ये चालतो आणि चालणार. आपल्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड बोलता येतं, पण कित्येकांना वाचता येत नाही. ओळखीच्या एका मावशींचा अर्ज एका कार्यालयात सहा महिने पडून होता, कारण काय तर एक रकाना रिकामा. कुणी सांगितलंच नाही. म्हणून नगरसेवकाच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस अर्ज भरून देणारा, दोन्ही भाषा येणारा पोरगा बसवा म्हणायचं. तो पोरगा आपण द्यायचा. आणि अर्ज 'सकाल'मध्ये नोंदवून पावती घ्यायची. २०११ च्या त्या कायद्यानं कामाला मुदत आहे, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये भरपाई, जास्तीत जास्त ५००. रक्कम मोठी नाही, पण पावती हातात असली की समोरचा नीट बोलतो.

तिसरं, शाळा. इथं फसू नका. मराठी शाळेचा शिक्षक नेमणं नगरसेवकाच्या हातात नसतं, ते राज्याच्या शिक्षण खात्याकडं असतं. जो उमेदवार भाषणात मराठी शाळा देतो म्हणतो, त्याला नियम विचारा. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलेलं प्रमाण आहे: शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असली की मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करावी. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम ३५० क पण सांगतं. नगरसेवक शिफारसपत्र देईल, पण ४० मुलांची नावं कोण देणार? ती यादी घरोघर फिरून आपणच करायची.

चौथं, वॉर्ड समिती. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात असं राज्यघटनाच म्हणते. त्यात महिलांना आणि रहिवाशांच्या संघटनांना जागा असतात. आपली मंडळं गणपतीत पावती फाडतात, पण त्यातली किती नोंदणीकृत आहेत? नोंदणी करा, अर्ज द्या, आत बसा.

आणि हे सगळं आत्ताच का? कारण २०२५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं धारवाडसाठी वेगळी महानगरपालिका मंजूर केली. १९६२ पासून जोडलेली दोन शहरं वेगळी होताना वॉर्डांच्या रेषा नव्यानं ओढल्या जाणार. रेषा गल्लीच्या मधून गेली की तीनशे मतांची दीडशे-दीडशे होतात. मसुदा निघाला की हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. नकाशा आधीच घरात पाहिजे.

शेवटी एक. कन्नड लोकांशी भांडून यातलं काहीच होणार नाही, आणि भांडायचं कारणही नाही. एके काळी याच धारवाडात शाळा-कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता. तेव्हा कन्नड माणसांनी रडत न बसता १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा केला. सव्वाशे वर्षं उलटली, संघ अजून उभा आहे. द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जायची. ते कन्नडचे थोर कवी झाले, ज्ञानपीठ मिळालं, आणि मराठीतही लिहीत राहिले. त्यांना एक भाषा जवळ करायला दुसरी सोडावी लागली नाही.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करा. आपला वॉर्ड नंबर काढा, आपल्या गल्लीतल्या घरांची यादी करा, आणि तीन कामं कागदावर लिहून नगरसेवकाला नेऊन द्या. कन्नडमध्ये लिहा, खाली सह्या मराठीत करा. पोच घ्यायला विसरू नका.