प्राप्तिकरातील सूट आणि आपली कुटुंबे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हास एखाद्या बोधपर विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु बोधापेक्षा हिशेब बरा, असे आमच्या मनाने घेतले. गेल्या वर्षभरात ज्या ज्या घरी जाणे झाले, तेथे एकच प्रश्न कानी पडला : "मास्तर, आता बारा लाखांपर्यंत कर नाही, मग ते कागदपत्र कशाला करायचे?" या प्रश्नातील पूर्वार्ध अर्धवट खरा आहे आणि उत्तरार्ध नुकसानकारक आहे.

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली बसला. करातील जी सूट आज आपला विषय आहे ती मात्र अलीकडची. १९६१ च्या कायद्यात ८७-अ या कलमाने ती २०१३ साली आली, तेव्हा ती अवघी दोन हजार रुपयांची होती. २०१९ साली पाच लक्षांपर्यंतच्या उत्पन्नास साडेबारा हजारांची सूट झाली. २०२३ साली नव्या करपद्धतीत सात लक्षांपर्यंत पंचवीस हजार झाली. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून, नव्या पद्धतीने कर देणाऱ्यास, बारा लक्षांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर साठ हजारांपर्यंत सूट मिळाली.

आता करमुक्त मर्यादा निराळी आणि सूट निराळी, हे नीट ध्यानी घ्यावे. त्या वर्षाची करमुक्त मर्यादा चार लक्षांचीच आहे. त्यापुढील चार लक्षांवर शेकडा पाच आणि त्यापुढील चार लक्षांवर शेकडा दहा, असा कर आधी आकारला जातो आणि मग तो माफ होतो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना शाळेतील नादारी आठवत असेल. नादारी मिळालेल्या मुलाची फी माफ होई, पण त्याचे नाव हजेरीपटावर असावे लागे आणि अर्जही द्यावा लागे. येथेही तसेच आहे. उत्पन्न चार लक्षांच्या वर गेले की, कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. मुदत चुकली तर पाच लक्षांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास एक हजार आणि त्यावरील उत्पन्नास पाच हजारांपर्यंत विलंबशुल्क पडते. शून्य कराच्या घरी पाच हजारांचा भुर्दंड यावा, यासारखा अव्यवहार नाही.

या विषयाचे महत्त्व ज्यामुळे आम्हास पटले ते उदाहरण सांगतो. आपल्या ज्ञातीतील एक विधवा भगिनी आहेत. वय साठीच्या पुढे. यजमानांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन दरमहा अठ्ठावीस हजार, म्हणजे वर्षास ३,३६,०००. यजमानांच्या फंडाच्या पैशांची मुदत ठेव, तिचे व्याज २,४०,०००. बँकेने व्याजातून शेकडा दहाप्रमाणे २४,००० रुपये कापले आणि सरकारजमा केले. बाईंनी ते 'सरकारचे देणे' समजून सोडून दिले. आता हिशेब करू. कुटुंबनिवृत्तिवेतनातून पंचवीस हजारांची वजावट मिळते. (नोकरदारास व पेन्शनरास पंचाहत्तर हजार मिळतात, ते येथे लागू नाहीत, कारण हे वेतन नव्हे.) राहिले ३,११,०००, व्याजासह ५,५१,०००. चार लक्षांवरील १,५१,००० वर शेकडा पाचने कर ७,५५०. तो सर्व माफ. म्हणजे कापलेले चोवीस हजार पैन् पै त्यांचे स्वतःचे! विवरणपत्र भरले तरच ते परत मिळतात. न भरणाऱ्यास कोणी घरी आणून देत नाही. वर्षाच्या आरंभीच बँकेत १५-एच हा नमुना त्या भरून देत्या, तर कपातही झाली नसती. साठ वर्षांखालील व्यक्तीस मात्र व्याज करमुक्त मर्यादेबाहेर गेल्यास असा नमुना देता येत नाही. अशांना विवरणपत्राचाच मार्ग उरतो.

सूट कोणास नाही, हेही सांगणे अवश्य आहे. ती केवळ भारतात निवासी असलेल्या व्यक्तीस आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या येथील व्याजास ती नाही. शेअरांच्या नफ्यावर ज्या विशेष दराने कर बसतो, त्या करासही नाही. तरुण मंडळींनी हे विसरू नये. आणि अविभक्त हिंदू कुटुंबास नाही. वडिलार्जित वाड्याचे भाडे एकत्र कुटुंबाच्या नावे येत असून सर्व वजावटी जाता सहा लक्ष उरले, तर दहा हजार कर व चारशे अधिभार भरावाच लागेल. कायदा कुटुंबाकडे न पाहता माणसाकडे पाहतो. पतीची सूट निराळी, पत्नीची निराळी.

येथेच काही हुशार लोक म्हणतात, ठेव बायकोच्या नावे करा म्हणजे दोघांची सूट मिळेल. हे चालत नाही. पतीने पत्नीस दिलेल्या पैशाचे व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. वृद्ध आईवडिलांस किंवा सज्ञान मुलास दिलेल्या रकमेस हा नियम नाही. पण दिलेले दान खरे असावे, कागदावरचे नसावे. पत्नीस माहेरून आलेले, तिने शिकवण्या करून अगर नोकरीत मिळविलेले धन तिचे, आणि त्यावरील सूटही तिचीच. ते तिच्याच खात्यात राहू द्यावे. आमच्या मते आपल्या घरांतून या बाबतीत अजून फार संकोच आहे, आणि तो पुरुषांचा आहे.

बारा लक्षांहून थोडे अधिक उत्पन्न असणाऱ्यांनी घाबरू नये. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झाले तर कर ६१,५०० न होता दहा हजारच होतो, अधिभार निराळा. हा दिलासा सुमारे १२ लक्ष ७० हजारांपर्यंत पुरतो. जुन्या पद्धतीत राहणाऱ्यांस मात्र मर्यादा पाच लक्षांचीच आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी इतर उत्पन्न चार लक्षांवर गेल्यास दर ठरविताना ते हिशेबात येते. अशांनी जाणकारास विचारावे.

राहिला वाचलेल्या पैशाचा विनियोग. दर मार्च महिन्यात 'कर वाचविण्यासाठी' विम्याची पॉलिसी घेण्याची जी सवय जडली आहे, तिला नव्या पद्धतीत अर्थ उरलेला नाही. तेथे तिची वजावटच नाही. विमा गरज म्हणून घ्यावा. घरच्या वृद्धांचा आरोग्यविमा आम्ही सर्वप्रथम सुचवू. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. त्यानंतर सोन्यावरचे किंवा लग्नाचे कर्ज फेडावे. मुलीच्या शिक्षणाची ठेव त्यापुढे. मंडळाच्या विद्यार्थी फंडाचे नाव आम्ही मुद्दामच शेवटी घेत आहो. चिटणीसांनी क्षमा करावी.

विवरणपत्राची मुदत सर्वसाधारण पगारदार व पेन्शनरांस ३१ जुलैपर्यंत असते. जून व जुलैतील दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात बसू. आपल्यातील दोन वाणिज्य पदवीधर तरुणांनी संगणकावर साहाय्य करण्याचे कबूल केले आहे. येताना पॅन, आधार, बँकेचे पासबुक आणि व्याजाचा दाखला आणावा. ज्या भगिनींना एकट्याने येणे अवघड असेल त्यांनी निरोप पाठवावा, आम्ही घरी येऊ.