‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय?

मी किल्लारीहून बचत गटांची समन्वयक बोलतेय. आज कर्ज-हप्त्याचा विषय नाही. आज बोलू या आपण सगळ्याच जणींनी ऐकलेल्या दोन शब्दांवर: ‘सर्व्हर डाऊन’.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना हे शब्द गावोगाव ऐकू आले. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा ओटीपी येईना अशी ओरड राज्यभर झाली. तीही ऐन सोयाबीन काढणीत. केंद्रावरून रिकाम्या हाताने परतायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून हे समजून घेऊ.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला कॉम्प्युटर. आपण मोबाईलवर बटण दाबलं की आपली मागणी त्याच्याकडे जाते आणि तो उत्तर धाडतो. सर्व्हर म्हणजे वाढपीच समजा. लग्नात पाचशे माणसं एकदम पंगतीला बसली आणि वाढपी एकच असला, तर काय होईल? तेच ‘डाऊन’. लाडकी बहीणच्या लाभार्थी २०२५ मध्ये दोन कोटींहून जास्त होत्या, त्यावरून गर्दीचा अंदाज करा.

उपाय काय? वाढपी वाढवायचे. पण सगळे एकाच पंगतीत घुसले तर उपयोग नाही. म्हणून मांडवाच्या दारात एक जाणता माणूस उभा राहतो आणि सांगतो, तुम्ही या पंगतीला, तुम्ही त्या. कॉम्प्युटरच्या जगात त्याला ‘लोड बॅलन्सर’ म्हणतात, म्हणजे भार वाटून देणारा. तो कधी पाळीपाळीने पाठवतो, कधी जिथे गर्दी कमी तिथे. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक सर्व्हरला ‘चालू आहेस ना?’ असं विचारतो. बंद पडलेल्याकडे कुणाला धाडत नाही. तो स्वतःच बंद पडू नये म्हणून जोडीला दुसरा ठेवतात, जसं अध्यक्षताई नसल्या तर सचिवताई बैठक चालवतात.

तरीही खोळंबा होतो. वाढपी दहा, पण भाताचं पातेलं एकच असलं तर? सगळ्यांची माहिती जिथे साठवतात तो ‘डेटाबेस’ म्हणजे ते पातेलं. तिथेही रांग लागतेच.

आता कामाचं ऐका.

दुसरी कुठलीच साईट उघडत नसेल, तर अडचण आपल्या रेंजची. बाकी सगळं चालतंय आणि तेवढंच उघडत नाही, तर बहुधा अडचण तिकडची. पडद्यावर ५०३ किंवा ५०४ आकडा दिसला, तर दोष सर्व्हरच्या बाजूचा, तुमच्या कागदांचा नाही. ४०४ दिसलं, तर तो पत्ताच सापडला नाही; लिंक तपासा.

पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. दर वेळी नवी मागणी जाते आणि गर्दी वाढते. ओटीपीचंही तसंच. नवा मागितला की बहुतेक ठिकाणी जुना बाद होतो, म्हणून थोडं थांबा. ओटीपी फोनवर मागणाऱ्याला मात्र कधीच सांगू नका. अर्ज गेल्यावर पोच किंवा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. ‘सर्व्हर डाऊन आहे, जास्तीचे पैसे द्या, करून देतो’ असं कुणी म्हटलं, तर देऊ नका. पैशाने सर्व्हर लवकर चालत नाही.

आणि शेवटचं. भार वाटून घेणं आपल्यालाही जमतं. पुढच्या वेळी मुदत जाहीर झाली की बैठकीतच पाळ्या लावा. रोज दोघी-तिघींचे अर्ज, पहाटे किंवा रात्री उशिरा, ज्या ताईंकडे चांगला मोबाईल आहे त्यांच्या घरी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचा नंबर आधी. शेवटच्या दिवसाची वाट बघत कुणी राहू नये. हक्काचा लाभ गर्दीत अडकू द्यायचा नाही, एवढं या आठवड्याच्या बैठकीत ठरवून टाका.