क्रीम रंगाचं घर, पिवळी टेप आणि आई

मागे पंख्याचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. २६० स्क्वेअर फुटांच्या वन आरकेमध्ये मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे एपिसोड पूर्ण व्हायच्या आधी होस्ट संपायचा.

तर विषय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे व्हॉइस नोट आले होते की, दादा, छोटी खोली आहे, भाड्याची आहे, खिळा मारू देत नाहीत, पण घर छान रंगीत दिसायला हवं आणि पर्यावरणाचाही विचार करायचाय, काय करू? मी याच्यावर बोलायचं टाळत होतो. कारण मी हे आधी एकदा केलंय आणि चांगलंच चुकवलंय. आज तेच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी फ्लॅटमेट्सना टाटा करून वाकडला ही वन आरके घेतली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची, म्हणजे भाड्याची पण एकट्याची खोली. मी काय केलं? रात्री जागून रील्स बघितल्या. 'सस्टेनेबल होम', 'इको मिनिमल', असलं सगळं. आणि पहिल्याच महिन्यात साधारण साडेनऊ हजारांची ऑर्डर मारली. बांबूचा ऑर्गनायझर, तागाचं जाजम, नारळाच्या करवंटीचा दिवा, क्रीम कलरचे सिरॅमिक मग, क्रीम कलरची बेडशीट, क्रीम कलरचे पडदे. हो, सगळं क्रीम. का कोण जाणे, पण इंटरनेटवर पर्यावरणाचा रंग पिठल्यासारखा असतो. पिठल्यात निदान हिरवी मिरची तरी दिसते.

सगळी खोकी आली. आमच्या बिल्डिंगमध्ये कचरा न्यायला एक मावशी येतात. मी दारात खोक्यांचा ढीग लावला, बबल रॅप, थर्माकोल, सगळं. मावशींनी पुठ्ठा वेगळा केला, कारण पुठ्ठ्याला भंगारात भाव मिळतो. थर्माकोल हातात धरून म्हणाल्या, "याचं मी काय करू दादा? हे कोण घेत नाही." मग आत डोकावून म्हणाल्या, "नवीन सामान आलं वाटतं. जुनं कुठाय?"

जुनं म्हणजे प्लॅस्टिकचं स्टूल, चार स्टीलचे पेले आणि एक निळी बादली. सगळं धडधाकट. मी ते 'मॅच होत नाही' म्हणून काढून टाकलं होतं. स्टूल त्याच घेऊन गेल्या. मला वाटतं तेव्हाच मला थोडं खटकलं होतं, पण पोस्ट टाकायची घाई होती. दोनशेच्या वर लाईक्स आले.

मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण कापडी पिशव्यांचं पण माझं तसंच झालं होतं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास केला. सुपरमार्केटच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी तुलना करून. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तर साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरली पाहिजे, तेव्हा ती बरोबरीला येते. आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे परिणाम धरले तर आकडा ७१०० वर जातो. म्हणून लगेच प्लॅस्टिक घ्या असं मी म्हणत नाही, आपल्याकडे २०१८ पासून त्या पिशव्यांवर बंदीच आहे. पण माझ्या दारामागे तेव्हा चौदा कापडी पिशव्या लटकत होत्या. एकेक ५२ वेळा वापरायची म्हटलं तरी हिशोब करून बघा. आता मी नवीन पिशवी घेत नाही, एवढंच.

बरं, मूळ गोष्ट. आई.

आई सोलापूरला असते. तिला काचबिंदू आहे. बऱ्याच लोकांना तो मोतीबिंदूसारखाच वाटतो, ऑपरेशन केलं की झालं. तसं नसतं. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होत जाते. आहे ती नजर टिकवायला थेंब घालायचे, पण गेलेली नजर परत येत नाही. आणि ती बाजूनं जायला लागते, त्यामुळे माणसाला स्वतःलाच खूप उशिरा कळतं. आईला कळलं ते भाजीवाल्याच्या गाडीला धडकली तेव्हा. आता दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी ती पुण्याला येते आणि आठ-दहा दिवस माझ्याकडे राहते.

पहिल्यांदा ती या नव्या घरी आली तेव्हा मी खूप उत्साहात होतो. दार उघडलं, म्हटलं, बघ! तिनं सगळीकडे मान फिरवली. "छान केलंय रे," म्हणाली. मग पहिल्या तासात तागाच्या जाजमाच्या कडेत तिचा पाय अडकला. संध्याकाळी चहा ओतताना मगाच्या शेजारी ओतला. रात्री बाथरूमच्या उंबऱ्याला ठेच. मी प्रत्येक वेळी म्हणत होतो, "आई, जरा बघून!" आता आठवलं की लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी ती भिंत चाचपत स्विचबोर्ड शोधत होती. पांढरी भिंत, पांढरा बोर्ड. ती थांबली आणि म्हणाली, "घर चांगलं हाय बाळा, पण मला दिसंना त्यात काय."

मी फ्रंटएंडला काम करतो. माझं रोजचं काम काय? बटणावरचं अक्षर मागच्या रंगावर नीट दिसतंय का ते तपासणं. त्याचं माप असतं, कॉन्ट्रास्ट रेशो. रंग अगदी सारखे असतील तर १, काळ्यावर पांढरं असेल तर २१. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना निदान ४.५ लागतो, हा जगभर वापरला जाणारा नियम आहे. यावरून मी डिझायनरशी भांडतो. त्या रात्री मी माझ्या शेल्फचा फोटो काढला आणि त्याच टूलमध्ये टाकला. क्रीम मग, क्रीम शेल्फ. १.२ आला. ऑफिसमध्ये कुणी असा बटण पाठवला असता तर मी तिकीट परत पाठवलं असतं.

मग काम सुरू केलं. आणि नवीन ऑर्डर न करता, कारण साडेनऊ हजार तर आधीच घालवले होते.

पहिली गोष्ट सोलापुरी चादर. आमच्या घरात ती इतकी आहे की मला ती कधी 'डेकोर' वाटलीच नाही, पुण्याला येताना मी ती माळ्यावर टाकून दिली होती. लाल-काळी, जाड, मधे ती नक्षी. पांढऱ्या फरशीवर क्रीम बेडशीटवाली कॉट आईला कळतच नव्हती, बसताना हातानं कड शोधायची. लाल चादर टाकली आणि कॉट दिसायला लागली. खोलीचा रंगच बदलला. येणारा प्रत्येक मित्र पहिल्यांदा त्या चादरीकडे बघतो आणि विचारतो, कुठून ऑर्डर केलीस?

दुसरी, आईचं जुनं इरकली लुगडं. गडद निळं, लाल काठ. मधे विरलेलं होतं, नेसायचं नव्हतं. ते फाडून, हो, आईनंच फाडलं, शेल्फच्या मागे लावलं. खिळा नाही. शेल्फच्या वरच्या फळीवर कपडे वाळत घालायचे चिमटे. आता निळ्यावर क्रीम मग ठळक दिसतात, म्हणजे तेच मग, फेकले नाहीत. उरलेल्या काठाची एक पट्टी बाथरूमच्या कडीला बांधली.

सुती आणि सिंथेटिक साडीत एक फरक लक्षात ठेवा. सुती कापड मऊ, पाणी शोषतं, गोधडीला, पुसण्याला, टेबलावर टाकायला चांगलं. सिंथेटिक घसरतं आणि घाम शोषत नाही, त्याची गोधडी करू नका, पण खिडकीला पडदा म्हणून झकास, उजेड गाळून येतो. आणि पश्चिमेच्या खिडकीत लाल लावू नका. माझा एका उन्हाळ्यात गुलाबी झाला.

तिसरी गोष्ट, आणि इथे काही जण नाराज होतील. टेप. इलेक्ट्रिशियनची पिवळी टेप. प्लॅस्टिक आहे, मला माहितीये. बाथरूमच्या उंबऱ्यावर एक आडवी पट्टी, स्विचबोर्डच्या चारी बाजूंना चौकट, गॅसचं बटण बंद असताना जिथं असतं तिथं लाल ठिपका. एवढ्याला एक रोलसुद्धा संपला नाही. मी बांबूच्या ऑर्गनायझरवर आठशे रुपये घातले तेव्हा स्वतःला पर्यावरणवादी समजत होतो, आणि ही टेप लावताना मला अपराधी वाटलं. उलटं वाटायला हवं होतं. ज्यानं आई पडत नाही ते प्लॅस्टिक मला चालतं.

घरमालक एकदा येऊन गेले, त्यांनी चौकटीकडे बघून डिपॉझिटचा विषय काढला. टेप काढल्यावर डिंक राहतो तो खोबरेल तेलानं निघतो, हे मी त्यांच्या समोर करून दाखवलं. गप्प झाले.

ताट. पांढरा भात, चकचकीत स्टील आणि वर ट्यूबचा उजेड. आईला फक्त चमक दिसायची, भात संपला की आहे ते कळायचं नाही. ताटाखाली गडद कापड टाकून उपयोग नाही, कारण प्रश्न ताट आणि भाताचा होता. मावशींना विचारलं, त्यांनी बिल्डिंगमधूनच कुणीतरी काढून टाकलेलं हिरवं मेलामाईनचं ताट आणून दिलं. पैसे घेत नव्हत्या. ट्यूबही बदलली नाही, फक्त तिच्या जागी टेबललॅम्प भिंतीकडे तोंड करून लावतो. उजेड भिंतीवरून येतो, डोळ्यात जात नाही.

थेंबांच्या दोन बाटल्या आहेत, एक दोन वेळा, एक फक्त रात्री. दोन्ही पांढऱ्या. रात्रीच्या बाटलीला लोकर गुंडाळलीये. हात लावला की कळतं.

झाडांबद्दल विचारणारे खूप होते म्हणून पटकन सांगतो. माझं महागडं मॉन्स्टेरा मेलं. आईनं सोलापूरहून पानाच्या ओव्याची एक फांदी ओल्या फडक्यात आणली, ती आता रंगाच्या जुन्या डब्यात खिडकीभर पसरलीये. भजी होतात. कंपोस्टही आधी फसलं होतं, वास, अळ्या, शेजारच्या काकूंची तक्रार. चूक ही की मी नुसता ओला कचरा टाकत होतो. ओल्याच्या वर निदान तेवढाच, खरं तर जास्त, कोरडा थर लागतो. पानं कुठून आणू चौथ्या मजल्यावर? मग आठवलं, खोकी! पुठ्ठ्याची टेप काढायची, पाण्यात भिजवून फाडायचा, आणि थर द्यायचा. भोकं पाडलेली वीस लिटरची बादली, एका माणसाचा कचरा, अडीच-तीन महिन्यांत काळं खत. चिकट चकचकीत छपाईचा पुठ्ठा मात्र नको. तो आणि जास्तीचा मावशींना.

तागाचं जाजम दाराबाहेर पायपुसणं झालंय. करवंटीचा दिवा कुणाला हवा असेल तर सांगा, अजून पेटीतच आहे.

सध्या आम्ही एक गोधडी शिवतोय. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, मी दहा सुया ओवून ठेवतो आणि ऑफिसला जातो. धावदोरा ती बोटानं घालते. टाके माझ्यापेक्षा सरळ येतात. तुकडे कुठले कुठे लावायचे ते ती ठरवते, गडदाशेजारी फिकट, म्हणजे तिला कडा कळतात. हा पिवळा माझ्या मुंजीतला, हा मावशीनं दिलेला, असं चालतं. मी तिला कॉन्ट्रास्ट रेशो समजावून सांगितला. ती म्हणाली, "त्याला नाव पण हाय व्हय?"

मागच्या खेपेला रिपोर्ट थोडा खाली आला. डॉक्टरांनी एक थेंब वाढवलाय. आणि आईनं हळूच सांगितलं की निळं कापड आणि त्याच्यासमोर टांगलेली काळी कढई तिला आता एकच दिसतात. म्हणजे शेल्फ पुन्हा बदलायचं. मागे पिवळं लावून बघणार आहे, तिच्या हळदीच्या साडीचं एक टोक शिल्लक आहे, पण ते फाडायला ती तयार नाही आणि मला तिला म्हणवतही नाही. कढईच्या कानाला लाल चिंधी बांधली तर ती गॅसजवळ पेटेल. तर अजून ठरलेलं नाही.

ती गुरुवारी सकाळी येतेय. तुमच्या घरात कुणाची नजर कमी असेल आणि तुम्ही स्वयंपाकघरात काही जुगाड केला असेल तर बुधवारच्या आत व्हॉइस नोट पाठवा. तारेचा काही उपाय असेल तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडला.