मोठी न होता वाढलेली कंपनी

२०१४ मध्ये ॲपलने बीट्स ही हेडफोनची कंपनी ३ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा धंदा वाढवावा तर असा, असेच पुष्कळांना वाटले. मला मात्र वाढीचा दाखला म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला ग्राडो कुटुंबाचा छोटा कारखाना अधिक मोलाचा वाटतो. मूळचे घड्याळजी असलेल्या जोसेफ ग्राडो यांनी तो १९५३ मध्ये सुरू केला. तिथे रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज बनत; तबकडीच्या खाचेत सुई थरथरते, त्या थरथरीची वीज करणारा हा इवलासा भाग. पुढे सीडी आली, तबकड्या मागे पडल्या आणि कार्ट्रिजची मागणी आटली. १९९० मध्ये पुतणे जॉन यांनी कारखाना विकत घेतला व हेडफोन बनवायला घेतले. यात धाडस होते, पण ते आंधळे नव्हते. कार्ट्रिज कंपनातून वीज करते, हेडफोन विजेतून कंपन करतो. नाजूक तारकाम, हलके भाग, तयार कान ही जुनी पुंजी नव्या मालातही तशीच कामी आली.

तरी कसब असले की गिऱ्हाईक येतेच असे नाही. ते आणले एसआर ६० या मॉडेलने. तेव्हा त्याची किंमत होती ६९ डॉलर, म्हणजे संगीतवेड्या विद्यार्थ्यालाही झेपेल अशी. कंपनीने १९६४ पासूनच जाहिराती बंद केल्या होत्या; ऐकणाऱ्याने दुसऱ्याला सांगावे, हाच तिचा प्रचार. कोणी म्हणेल, कारखाना घराण्याच्या जुन्या फळांच्या दुकानाच्या इमारतीत, त्यांना हे परवडते. आक्षेप रास्त आहे. भाडे भरणाऱ्या नव्या उद्योजकाला इतका धीर धरता येणार नाही. पण घरची जागा सवड देते, आवाज देत नाही. दुसरा आक्षेप असा, की आयपॉडच्या लाटेने यांना तारले. ती लाट तर सगळ्यांसाठीच होती. आयपॉडसोबत मिळालेल्या इयरफोनवर ज्यांचे समाधान झाले नाही, त्यांना देण्याजोगा माल यांच्याकडे आधीच तयार होता, हे महत्त्वाचे. एक उणीव मात्र मान्य करायला हवी. या हेडफोनची पाठ उघडी असते, आवाज बाहेर झिरपतो. रेल्वेच्या डब्यात ते चालायचे नाहीत. २०१८ मध्ये कंपनीने बिनतारी हेडफोन काढला, त्याचीही पाठ उघडीच ठेवली. डब्यातले गिऱ्हाईक तिने जाणूनबुजून सोडून दिले, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो.